यंदा फराळच बंद करू का?

पत्राचा सारांश

नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. वय ३८, बँकेत नोकरी. घरात नवरा, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. उन्हाळ्यात नवऱ्याचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची एक तपासणी) ६.१ आलं; डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब जुनाच, गोळ्या चालू आहेत. मुलीचं वजन वयाच्या मानाने थोडं जास्त, मुलगा अगदी किरकोळ अंगाचा.

गेल्या दिवाळीत घरी कोणाचंही वजन-बिजन नव्हतं डोक्यात, तरी या मैत्रिणीने काळजीपोटी सगळा फराळ गुळाचा आणि ओव्हनमधला केला. घरात कोणी फारसं खाल्लं नाही. दोन दिवसांनी सासूबाईंनी काही न बोलता कढई चढवली आणि नेहमीचा फराळ केला. त्याच आठवड्यात मुलीच्या कपाटात, शाळेच्या गणवेशाखाली, रुमालात बांधलेले लाडू सापडले. नवऱ्याचं म्हणणं, ‘चार दिवसांनी काय होतंय?’ यंदा रिपोर्ट हातात आहे, त्यामुळे भीती जास्त. त्या लिहितात, ‘घरात सगळ्यांच्या खाण्यावर लक्ष मी एकटीच ठेवते. यंदा फराळच बंद करू का? की सगळं शुगर-फ्री विकत आणू?’

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

दोन्ही प्रश्नांचं उत्तर आधी देते. फराळ बंद करू नका. आणि सगळं शुगर-फ्रीही आणू नका. का, ते सविस्तर लिहिते, कारण अशीच पत्रं दर वर्षी नवरात्र संपलं की येऊ लागतात आणि त्यातल्या बहुतेकांत तुमच्याच घरातली माणसं असतात.

तुमच्या नवऱ्याच्या वाक्यापासून सुरुवात करू या, कारण ते निम्मं बरोबर आहे. चार दिवसांच्या गोडाने कोणाला मधुमेह होत नाही. एचबीएवनसी हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देतो, ५.७ ते ६.४ हा उंबरठ्याचा टप्पा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. अभ्यंगस्नान ते भाऊबीज एवढ्यातच फराळ संपत असता, तर त्यांच्याशी वाद घालायचं कारण नव्हतं. पण तो तेवढ्यात संपतो का? कोजागरीच्या आटीव दुधापासून तोंड गोड व्हायला लागतं. मग ऑफिसात मिठाईचे बॉक्स. मग घरचे डबे. मग शेजाऱ्यांची ताटं, आत्याकडचं वेगळं, मावशीकडचं वेगळं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत डब्याच्या तळाशी शंकरपाळे असतातच. हा झाला जवळजवळ एक महिना. रक्ताची जी तपासणी तीन महिन्यांचा हिशेब मांडते, त्यातला तिसरा हिस्सा. तेव्हा नवऱ्याला असं सांगा की चार दिवस तुम्ही म्हणता तसे आनंदात करू, पण ते चारच ठेवायला मला तुमची मदत हवी.

इथे तुमच्या पत्रातलं एक गृहीत मला जरा हलवून बघायचं आहे. तुम्हाला वाटतं की लाडवात काय आहे हा प्रश्न आहे. म्हणून तुम्ही साखरेच्या जागी गूळ घातलात, कढईच्या जागी ओव्हन आणलात. मला वाटतं, लाडू किती आहेत, कुठे ठेवलेत आणि कधी खाल्ले जातात, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

गुळाचंच घ्या. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण लाडवातून पोटात जाणाऱ्या गुळातून ती किती मिळणार? रक्तातली साखर मात्र गूळ जवळपास साखरेइतकीच वाढवतो. मधाचं तेच. खजूर-सुक्यामेव्याचे लाडू ‘बिनसाखरेचे’ म्हणून विकले जातात. त्यात तंतू आणि दाणे-बदाम असल्याने ते पोटभरीचे असतात, पण खजूर मुळातच साखरेने भरलेला. दोन खाल्ले की हिशेब तिथेच. कृत्रिम गोडीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की वजन ताब्यात ठेवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. (ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही, सासऱ्यांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा.) शिवाय दुकानातल्या शुगर-फ्री मिठाईत खवा आणि तूप असतंच. आणि ‘शुगर-फ्री आहे’ म्हटलं की हात मोकळा सुटतो. जिथे एक घेतला असता तिथे तीन घेतले जातात, आणि खाणाऱ्याला वाटतं आपण पथ्य पाळलं.

आता साध्या बेसनाच्या लाडवाचा हिशेब करू. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, चारशे ग्रॅम पिठीसाखर. हे साडेअकराशे ग्रॅम झालं. चाळीस ग्रॅमचा एक म्हटला तर अठ्ठावीस लाडू होतात. एका लाडवात चौदा ग्रॅम साखर, नऊ ग्रॅम तूप आणि एकूण दोनशेच्या आसपास कॅलरी. वरून घातलेली साखर, गूळ, मध हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली असावं आणि पाच टक्क्यांखाली आलं तर अधिक चांगलं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस आहे. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाला पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. म्हणजे एक लाडू त्या मापात बसतो. दुसरा बसत नाही, आणि उरलेल्या मापात त्या दिवशीच्या चहाची साखरही बसवायची असते.

हा हिशेब मी घाबरवायला मांडत नाही. उलट बघा, तुम्ही घरात सहा माणसं. रोज प्रत्येकी एक, असे चार दिवस, म्हणजे चोवीस लाडू. अर्ध्या किलो बेसनात घरचं भागून चार उरतात. आल्या-गेल्यांसाठी आणि शेजारच्या ताटांसाठी आणखी पाव किलोचे करा. गेल्या वर्षी तुमच्याकडे किती किलोचे झाले होते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सासूबाईंना नक्की आठवत असेल.

आणि पूर्ण फराळाची ताटली कशी भरते ते पाहा. एक लाडू, एक करंजी, दोन चकल्या, वाटीभर चिवडा, मूठभर शंकरपाळे. ही नेहमीची, कोणी अधाशी न म्हणावी अशी ताटली. तिच्यात नऊशेच्या घरात कॅलरी असतात. हे एका भरपेट जेवणाहून जास्त आहे, आणि आपण ते सकाळी आठ वाजता खाऊन दुपारी बारा वाजता पुन्हा जेवायला बसतो. तेव्हा ताटलीसाठी एक साधा नेम ठेवा: एक गोड, एक तिखट. लाडू आणि चिवडा. उद्या करंजी आणि चकली. चार दिवसांत सगळं खाऊन होतं, काही राहत नाही, आणि प्रत्येक पदार्थाची चव वेगळी लागते. एरवी पाच पदार्थ एकदम खाल्ले की शेवटी जिभेला नुसतं गोड-खारट कळतं.

पण एवढ्याने पोट भरत नाही, आणि मग तासाभराने हात डब्याकडे जातो. म्हणून फराळाच्या जोडीला काहीतरी खरं खाणं हवं. गोव्यात नरकचतुर्दशीला नाना प्रकारचे फोव, म्हणजे पोहे, करतात: गुळाचे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, तिखट. त्यांच्या शेजारी काळ्या वाटाण्याची उसळ असते. मला हे ताट फार शहाणं वाटतं. गोड आहे, पण त्याच्या बाजूला कडधान्य आहे, ताक आहे. तुमच्याकडे आदल्या दिवशी मटकी किंवा मूग भिजवून मोड आणा आणि अभ्यंगस्नानानंतर फराळाबरोबर वाटीभर उसळ प्रत्येकाला द्या. आधी उसळ, मग लाडू. प्रथिनं आणि तंतू आधी पोटात गेले की मागून आलेल्या गोडाची साखर रक्तात सावकाश चढते. अंडी खात असाल तर उकडलेलं अंडं चालेल. बाजारात तेव्हा पेरू यायला लागतात, आवळे असतात, मेथी-मुळा ताजा असतो. दिवाळीच्या आठवड्यात भाजीची पिशवी दर वेळेपेक्षा मोठी आणा. एरवी नेमकं उलटं होतं: घरात फराळ आहे म्हणून त्या आठवड्यात भाजीच येत नाही.

ज्या दिवशी जेवणात पक्वान्न आहे त्या दिवशी फराळातलं गोड नाही, एवढंही ठरवून टाका. पाडव्याला श्रीखंड असेल तर चहाबरोबर चकली पुरे. आणि ते पक्वान्न जेवणातच वाढा, वरण-भात-भाजी-कोशिंबिरीच्या जोडीने. दुपारी चार वाजता रिकाम्या पोटी एकटा लाडू आणि वर गोड चहा, हे उंबरठ्यावरच्या माणसासाठी सगळ्यात वाईट.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलंय, त्या ऐकत नाहीत. मला गेल्या वर्षीचा प्रसंग जरा त्यांच्या बाजूने वाचावासा वाटतो. अडुसष्ट-सत्तरीची बाई (वय तुम्ही लिहिलेलं नाही, मी अंदाज करते), जिने तुमच्या नवऱ्याच्या जन्मापासून दर दिवाळीला या घरचा फराळ केला, तिला त्या वर्षी कोणी विचारलं नाही. फराळ तिच्या हातून गेला आणि त्याच्या जागी आलेलं घरात कोणी खाल्लं नाही. तिने भांडण काढलं नाही. कढई चढवली. मला यात हट्टापेक्षा दुखावलेपण जास्त दिसतं.

त्यांच्याकडे पथ्याची यादी घेऊन जाऊ नका. माप विचारायला जा. त्यांच्या माहेरी फराळ किती व्हायचा, तो किती दिवस पुरायचा, हे विचारा. बहुतेक घरांत त्या काळी साखर रेशनवर मिळायची, तेल मोजून वापरलं जायचं, तूप तर सणापुरतंच. चकली वर्षातून एकदा व्हायची आणि म्हणूनच तिची वाट बघितली जायची. आज चकली आणि चिवडा बारा महिने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मुलं जूनमध्ये दुपारी चार वाजता काय खातात, हे जरा आठवून बघा. बिस्किटं, फरसाण, वेफर्स? तसं असेल तर दिवाळीने तुमचं घर बिघडवलेलं नाही. वर्षभर थोडंथोडं पोटात जाणारं साखर-तेल दिवाळीत एकदम डोळ्यावर येतं, एवढंच. सणाचा फराळ वाचवायचा असेल तर इतर महिन्यांतलं फरसाण कमी करणं हाच त्याचा मार्ग आहे, आणि या मुद्द्यावर सासूबाई तुमच्या बाजूला येतील अशी माझी खात्री आहे. विकतच्या फरसाणाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नसणार.

पाककृतीत कुठे हात घालता येतो आणि कुठे नाही, हेही त्याच तुम्हाला सांगू शकतील. बेसनाच्या लाडवाला बांधून धरतं ते तूप, त्यामुळे साखर चारशेची तीनशे ग्रॅम केली तरी लाडू वळतो. बेसन मात्र मंद आचेवर, दम धरून, खमंग भाजलेलं हवं. पाकातल्या रव्याच्या लाडवाचं तसं नाही, तिथे पाकच सगळं धरून ठेवतो. अनारशात गूळ कमी केला तर जाळी पडत नाही, जास्त झाला तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरून पसरतो, म्हणून त्याला हात लावू नका. लहान करा आणि मोजके करा. करंजीच्या सारणात खोबरं, तीळ, खसखस वाढवून साखर सहज कमी होते. चिवडा पातळ पोह्यांचा करा, पोहे उन्हात किंवा कढईत कोरडे भाजून. अर्धा किलो पोह्यांना अर्धी वाटी तेलाची फोडणी पुरते. दाणे आणि डाळं भरपूर घाला. शंकरपाळे ओव्हनमध्ये बरे होतात. चकली होत नाही, ती तळायचीच आहे. तेल नीट तापलेलं नसलं की चकली तेल पिते आणि मोहन जास्त झालं की तेलात विरघळते. म्हणजे चांगली चकली करणारा हात हाच कमी तेलकट चकली करणारा हात. हे कसब त्यांच्याकडे आहे. उरलेलं तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तळायला घेऊ नका; गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला वापरून टाका. आणि वनस्पती तूप घरात असेल तर ते या निमित्ताने बंद करा, साजूक तूप कमी वापरलेलं कधीही बरं.

लाडू लहान वळायचे, हे मात्र त्यांच्याकडून मागून घ्या. चाळीस ग्रॅमचा लाडू पंचवीस ग्रॅमचा झाला तर खाणाऱ्याच्या हातात लाडूच येतो, मनाला काही कमी झाल्यासारखं वाटत नाही. मुलांना वळायला बसवा. त्यांच्या मुठी लहान, लाडू आपोआप लहान होतात.

दुपारभर कढईसमोर उभं राहणं या वयात सोपं नाही. कदाचित सासूबाईंनाही माप कमी व्हायला हवं असेल आणि ‘आमच्याकडे एवढाच होतो’ म्हणायची सवय नसेल. अनारसे आणि कडबोळी जवळच्या बचत गटाकडून पाव-पाव किलो आणा, लाडू-करंजी-चिवडा घरी करा. त्यात कमीपणा नाही. आणि रविवारी तळणीला तुमच्या नवऱ्याला उभं करा. किती तेल लागतं ते डोळ्यांनी बघितलं की पुढचं बरंच बोलणं वाचतं.

आता मुलीबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

रुमालात बांधलेले लाडू ही चोरी नाही, आणि खोडही नाही. तिला समजलं होतं की घरात लाडू आहेत, ते तिच्यासाठी नाहीत, आणि ते केव्हाही नाहीसे होतील. अशा वेळी कोणीही साठवून ठेवेल. अमेरिकेत पेन्सिल्व्हानिया स्टेट विद्यापीठातल्या जेनिफर फिशर आणि लीअॅन बर्च यांनी १९९९मध्ये लहान मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. खाऊ पारदर्शक बरणीत समोर ठेवून तो खायला मनाई केली, तेव्हा मुलांचं सगळं लक्ष त्या बरणीकडेच लागलं आणि तो खाऊ त्यांना जास्तच हवासा झाला. मनाईने खाणं कमी होत नाही, खाण्याचा विचार वाढतो. आणि दहाव्या वर्षी मुलीच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल जे बसतं, ते निघायला फार वर्षं लागतात.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी पालकांसाठी एक विभागणी सांगितली आहे, ती मला आजवर सगळ्यात उपयोगी वाटली. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, हे मुलाने. फराळाला ही विभागणी नीट लावता येते. दुपारी साडेचार ही फराळाची वेळ. सगळे एकत्र, बसून, ताटलीत. टीव्हीसमोर नाही, जाता-येता डब्यातून नाही. ताटलीत एक गोड, एक तिखट, जोडीला पेरूच्या फोडी किंवा दूध. कोणतं गोड, हे तिने निवडायचं. ती अर्धा टाकेल, कधी आणखी एक मागेल. आणखी मागितलं तर ‘उद्या साडेचारला परत आहे’ असं सहज सांगा, वजनाचं नाव न काढता. उद्या नक्की मिळतो हे तिला दोन-तीन दिवसांत कळलं की रुमालाची गरज उरणार नाही. डब्यांना कुलूप नको, लपवालपवी नको. फक्त ते ओट्यावर, काचेच्या बरणीत, नजरेसमोर नसावेत. वरच्या फडताळात स्टीलच्या डब्यात ठेवा. सगळ्यांच्याच हाताला थोडं लांब पडतील.

ही वेळ आणि ही ताटली सगळ्यांसाठी सारखी हवी. तिच्यासाठी वेगळं आणि भावासाठी वेगळं, असं अजिबात नको. तुमचा मुलगा बारीक आहे म्हणून त्याच्या हातात जास्तीचा लाडू दिला जातो, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो लाडू त्याचं वजन वाढवण्याऐवजी त्याची जेवणाची भूक मारतो. आणि बहिणीला दिसतं की घरात गोड कोणाला मिळतं आणि कोणाला नाही. त्याला भूक लागू द्या, जेवणात वरण, दूध, दाण्याची चटणी, अंडं वाढवा.

नातेवाईक बोलतील. ‘अगं, किती गुबगुबीत झालीस’, ‘तू नको खाऊस हां लाडू.’ तेव्हा गप्प बसू नका. मुलीच्या समोर, शांतपणे, ‘आमच्याकडे आम्ही मुलांच्या अंगावर बोलत नाही, काकू’ म्हणा आणि विषय बदला. काकूंना वाईट वाटेल, पण तुमची मुलगी ते ऐकत असते. तिच्या वजनाचं जे काही बघायचं ते बालरोगतज्ज्ञांकडे, उंचीच्या नोंदीसकट, आणि सुट्टीत नाही. सुट्टीत तिला किल्ला करू द्या. माती आणणं, दगड वाहणं, दिवसभर अंगणात उठ-बस करणं, यात जे होतं ते ‘चल, चालायला जाऊ, वजन कमी होईल’ म्हटल्याने होणार नाही.

सासऱ्यांबद्दल एक सावधगिरी, आणि ती तुमच्यासारख्या सगळ्याच घरांना सांगते. संध्याकाळी गोड खायचंय म्हणून दुपारचं जेवण टाळणं, किंवा गोड खाल्लं म्हणून स्वतःच गोळी वाढवणं, हे दोन्ही धोक्याचं. काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, जेवण चुकलं तर साखर एकदम खाली नेऊ शकतात. अचानक घाम, हातापायाला थरथर, गरगरणं, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर ग्लुकोमीटरवर साखर बघा; कमी असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. दिवाळीच्या आधी एकदा त्यांना डॉक्टरांकडे नेऊन ‘फराळातलं काय आणि किती’ हे त्यांनाच विचारू द्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेला अर्धा लाडू त्यांना सुनेच्या तोंडून ऐकलेल्या अर्ध्या लाडवापेक्षा जड जाणार नाही. आणि रक्तदाब आहे म्हणून त्यांच्या बाबतीत गोडाइतकंच तिखट फराळावर लक्ष ठेवा. शेव, चिवडा, चकली यांत मीठ बरंच असतं. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ, ही वरची मर्यादा.

दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर काय, हेही तुम्ही विचारलं आहे. तिथे ‘आम्ही गोड बंद केलंय’ म्हटलं की आग्रह दुप्पट होतो. ‘तुमच्या हातची चकली मला आवडते, तेवढी घेते’ म्हटलं की यजमान खूश होतात आणि ताटली हलकी होते. एका दिवसात तीन घरं गाठू नका.

शेवटी तुमच्याबद्दल. सहा माणसांच्या तोंडाकडे एकटीने बघत बसणं हे काम तुम्हाला कोणी दिलेलं नाही, पण तुम्ही ते घेतलंय आणि घरच्यांनी ते सोयीने तुमच्याकडे राहू दिलंय. रिपोर्ट नवऱ्याचा आहे. पुढची तपासणी केव्हा, ती तारीख त्यांनी लक्षात ठेवायची. रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालायला ते निघाले तर त्यांच्या साखरेला त्याचा थेट फायदा आहे. सोबत जायची इच्छा असेल तर जा, ओढून नेऊ नका. ऑफिसातले मिठाईचे बॉक्स घरी न आणता तिथेच वाटून यायचे, हे त्यांचं काम. त्यांनी लाडू हातात घेतला की आकडा आठवून देणं, हे तुमचं काम नाही. तुम्हालाही त्या साडेचारच्या ताटलीत एक लाडू आहे. तो तुम्ही मागच्या दिवाळीत खाल्लात का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

नवऱ्याशी आणि सासूबाईंशी हे बोलणं वसुबारसेच्या आदल्या दिवशी उरकायचं ठरवू नका. चकलीची भाजणी दळायला टाकायच्या आधी, एखाद्या निवांत दुपारी, तिघं बसा आणि किती किलोचं काय करायचं ते कागदावर लिहा. भाजणी दळून घरी आली की मग ती सगळी तळली जातेच.